खंडेनवमीचं तेल

नगर, रविवार, १० नोव्हेंबर १९४६

पुष्पाताई,

गेले तीन आठवडे रोज सकाळी ठरवतो की आज ताईला लिहायचंच, आणि रोज कुठंतरी पाय अडकतो. एक दिवस दौतीतली शाई वाळलेली निघाली. एक दिवस कॅम्पाकडं रणगाडे चाललेत असं कळलं म्हणून बघायला गेलो, तो दुपार तिथंच गेली. खरं सांगायचं तर लिहायला बसलो की काय लिहावं लागेल, याचीच धास्ती होती. आज बसलोय. रागव, पण दाजींवर काढू नकोस.

गोरख्या आता कुठं उंडारतोय, असं दाजी विचारत होते म्हणे. त्यांना सांग, चार महिने एका जागी आहे. बेलापूरचा कारखाना, मनमाडचं हॉटेल, पाथर्डीच्या जत्रेतला तंबू, एवढ्या सगळ्या ठिकाणी मिळूनसुद्धा मी चार महिने टिकलो नव्हतो. नगरला कापडबाजाराच्या मागं रंगनाथकाकांचं दुकान आहे, बंदुका दुरुस्तीचं. परवाना रीतसर आहे, तेव्हा भलतंसलतं मनात आणू नकोस. मी घासतो, पुसतो, आणि आता काडतुसंही भरतो.

लढाई संपून वर्ष झालं तरी नवी काडतुसं मिळत नाहीत, टोप्या तर नाहीतच. म्हणून वापरलेल्या पितळी पुंगळ्या साफ करून पुन्हा भरायच्या. पुंगळीच्या बुडाशी मसुराच्या डाळीएवढी तांब्याची टोपी बसते. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीची ठिणगी दारूला लागते आणि दारू शिशाला ढकलते. काका म्हणतात, "तिघांत टोपी सगळ्यात धाकटी, पण रुसली की सगळं घर उपाशी."

हे सगळं चाललंय ते आप्पासाहेबांसाठी. ते पेन्शनर जमादार, आफ्रिकेत लढून आलेले. आठ डिसेंबरला, रविवारी, कॅम्पाच्या मैदानावर पिस्तुलांच्या नेमबाजीचा सामना आहे. एक शिट्टी वाजली की सुरू, दुसरी वाजली की बंद, आणि तेवढ्यात सहाबारी पिस्तुलातले सहाही बार टाकायचे, अशा पाच फेऱ्या. थांबून विचार करायला सवडच नाही. बाकीचे बहुतेक साहेबलोक, त्यांच्याकडं फॅक्टरीची काडतुसं. आपला माणूस आमच्या हातची घेऊन उभा राहणार.

आणि तिथंच माशी शिंकली. गुरुवारी भिंगारच्या पलीकडं ओढ्यात सराव होता. चोवीस काडतुसांपैकी पाच नुसती टकटक करून गप्प. आप्पासाहेब म्हणाले, "रंगनाथा, काडतुसं हायत का कवड्या?" सगळे हसले. काका हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी दोन्ही हात पुढं धरले आणि उन्हात बराच वेळ बोटं बघत बसले. मला म्हणाले, "गोरक्षा, माझा हात गेला बघ. टोपी नीट बसत नाही आता माझ्याच्यानं." साठ वर्षांचा माणूस. तीन दिवस झाले, धड जेवत नाहीत.

दसऱ्याचं सांगायचं राहिलंच. खंडेनवमीला काका लेकीकडं राहुरीला गेलेले. जाताना म्हणाले, हत्यारांची पूजा करून ठेव. मी अशी पूजा मांडली की तू बघायला हवी होतीस! बंदुका, कानशी, ठोकणी, सगळं पाटावर. आपल्याकडं कोयत्याला लावतात तसं एकेकाला तेलबोट लावलं, वर हळदकुंकू. काही म्हणून सोडलं नाही, डब्यांची झाकणंसुद्धा उघडून ठेवली. शेजारचं कुत्रं नैवेद्य घेऊन पळालं, त्याच्यामागं मी शाळेपर्यंत धावलो.

मावशीला नमस्कार. बाळ्याला पापा.

तुझा
गोरक्षनाथ


शेवगाव, शनिवार, १६ नोव्हेंबर

गोरक्षा,

पत्र मिळालं. शाळा सुटल्यावर इथंच वर्गात बसून लिहिते आहे. घरी बाळ्या टाक ओढतो.

पूजेचं तू चार ओळींत उरकलंस आणि कुत्र्यामागं पळालास. मी मात्र त्या चार ओळींशीच थांबले. डब्यांची झाकणं उघडलीस म्हणतोस. कशाकशाच्या डब्यांची? टोप्यांचा डबा त्यात होता का? आणि "काही म्हणून सोडलं नाही" याचा अर्थ काय?

मी तुझ्या दाजींना विचारलं. ते दवाखान्यात कंपाउंडर आहेत, बंदुकीतलं त्यांना काही कळत नाही. पण ते म्हणाले, पुडीच्या औषधाला तेलाचा हात लागला की त्याचा गुण गेला, मग ते कितीही पुसा. त्या टोपीत पेटणारं काही पुडीसारखंच बसवलेलं असणार ना?

कोयता तेलानं चांगला राहतो रे. म्हणून सगळ्यालाच तेल लावायचं असतं का?

तो म्हातारा माणूस स्वतःच्या हाताला दोष देत उपाशी बसलाय, असं तूच लिहितोस. काय झालं असेल ते खरं सांग. आधी मला सांग, मग त्यांना.

पुष्पाताई


नगर, शुक्रवार, २२ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र वाचलं. हो, टोप्यांचा डबा होता. एकेका टोपीला बोट लावणं शक्य नव्हतं, शेकड्यांनी होत्या. मी वाटीत तेल घेतलं, त्यात हळदकुंकू कालवलं आणि दूर्वांनी शिंपडलं. काही टोप्यांवर चांगला थेंब बसला. काका यायच्या आधी मीच घाबरलो. फडक्यानं पुसल्या, पत्र्यावर उन्हात घातल्या. वेगळ्या ठेवल्या असत्या तर काकांनी विचारलं असतं, म्हणून चांगल्यांतच मिसळून टाकल्या. आता कुठली तेलाची आणि कुठली कोरडी, ते देवालाही सांगता येणार नाही. बाहेरून सगळ्या सारख्याच चकचकतात.

पण ताई, आता ते सगळं निस्तरलंय. काकांना वाटलं, घोडाच मऊ आपटतोय. त्यांनी सहाबारीच्या घोड्याची कमान, म्हणजे स्प्रिंग, बदलून जाड घातली. काल गुरुवारी पुन्हा ओढ्यात गेलो. चोवीसच्या चोवीस पेटली! आप्पासाहेबांनी काकांना मिठीच मारली. म्हणाले, "हात गेला म्हनत हुतास न्हवं? दाव बरं कुटं गेला!" काका लहान पोरासारखे लाजले. परत येताना जिलबी घेतली.

एक सांगू का? चोविसावा बार नीट झाला नव्हता. नेहमीसारखा धाड आवाज आला नाही, फुस्स झालं, ओल्या फटाक्यासारखं. तक्त्यावर भोकही नाही. आप्पासाहेबांना वाटलं नेम हुकला. "म्हातारा झालो रं," म्हणून हसले. सहाबारी साफ करायला माझ्याकडं आली. नळीत गज घातला तर तो मध्येच अडला. शिसं नळीतच बसलेलं. टोपी पेटली, पण इतकी मरतुकडी की दारू धड जळलीच नाही. मी लाकडाच्या दांडीनं ठोकून ते शिसं काढलं आणि मागच्या विहिरीत टाकून दिलं. कुणाला कळलं नाही.

तो शेवटचा बार होता म्हणून बरं. काका मागं एकदा म्हणाले होते, नळीत शिसं अडकलेलं असताना मागून दुसरा बार आला की नळी केळफुलासारखी फाटते. आणि ती ज्याच्या हातात असते त्याचा हात...

तू म्हणशील, मग सांगत का नाहीस. रोज सांगायला जातो. परवा काकांनी त्यांच्या खुंटीशेजारी आणखी एक खुंटी ठोकली. मी विचारलं, ही कशाला? म्हणाले, "तुझा सदरा कुठं टाकशील?" ताई, माझ्यासाठी आजवर कुणी खुंटी ठोकलेली नाही. दुसऱ्याच्या घरात मी नेहमी गाठोडं बांधून ठेवूनच झोपलो.

कदाचित तेवढी एकच वाईट निघाली असेल. असेल ना?

गोरक्ष


शेवगाव, मंगळवार, २६ नोव्हेंबर

गोरख्या,

काही निस्तरलेलं नाही. जे आहे ते आणखी वाईट झालंय. आधी वाईट टोपी टकटक करून गप्प बसत होती, तेव्हा निदान कळत तरी होतं. आता जाड कमानीनं तिला मारूनमुटकून अर्धवट पेटवता, आणि ती शिसं नळीत सोडून देते. मी बाई माणूस, शेवगावात बसून मला हे दिसतं. तुला दिसत नाही? का बघायचंच नाही?

तूच लिहिलंस, शिट्टी ते शिट्टी सहा बार, थांबून विचार करायला सवड नाही. आजूबाजूला दहाजणांचे बार चाललेले असणार. त्यात तुझं ते फुस्स कोण ऐकणार? आप्पासाहेब पुढचा चाप ओढणारच.

मागच्या पावसाळ्यात तुझ्या दाजींच्या दवाखान्यात बोधेगावकडचा एक राखणदार आणला होता. रानडुकरासाठी ठासणीची बंदूक, ती हातात फुटली. डॉक्टर गावाला गेलेले. दाजींनी एकट्यानं तो हात बांधला. घरी आले आणि दोन दिवस त्यांना स्वतःच्या हातानं घास घेता येईना. मी भरवला. त्यातलं मी तुला आणखी काही सांगणार नाही.

खुंटीचं वाचून मला रडू आलं, हे खोटं नाही. पण एका खुंटीसाठी दुसऱ्या माणसाचा हात द्यायचा का? सहा वर्षांचा होतास, मावशीकडं म्हणून आमच्या घरी राहायचास, तेव्हा माझी पाटी फोडून तू आमच्या कडब्याच्या गंजीत जाऊन बसला होतास. दिवसभर सगळं घर शोधत होतं, आणि पाटीचं कुणाला काही वाटलंच नव्हतं. अजून तू गंजीतच बसलायस.

सोमवारी दोन तारखेपर्यंत "सांगितलं" असं तुझं पत्र माझ्या हातात पाहिजे. नाही आलं तर मी स्वतः रंगनाथकाकांना लिहीन.

पुष्पा


नगर, ३० नोव्हेंबर (पोस्टकार्ड)

ताईस नमस्कार. काकांना सर्व सांगितलं. आधी रागावले, नंतर हसले. जुन्या टोप्या टाकून दिल्या. नव्या घालून काडतुसं भरली. आता काळजीचं कारण नाही. आपण लिहू नये. दाजींना नमस्कार.

गोरक्षनाथ


शेवगाव, मंगळवार, ३ डिसेंबर

गोरक्षा,

कार्ड मिळालं. वाचून आधी देवापुढं साखर ठेवली. मग पुन्हा वाचलं.

तू कधी एवढं थोडक्यात लिहीत नाहीस रे. काका खरंच हसले असते तर ते हसत होते तेव्हा रस्त्यानं कोण चाललं होतं आणि त्याच्या डोक्यावर काय होतं, तेही तू लिहिलं असतंस. आणि मला "आपण" कधीपासून म्हणायला लागलास?

नव्या टोप्या घातल्या म्हणतोस. कुठून आल्या? नव्या टोप्या मिळतच नाहीत, हे पहिल्या पत्रात तूच लिहिलं होतंस.

रंगनाथकाकांच्या नावानं वेगळं पत्र आजच्याच टपालात टाकते आहे. त्यात सगळं आहे. पाकीट त्यांच्या हातात पडायच्या आत तू तोंडानं सांगितलंस तर ते तुझं सांगणं ठरेल. नंतर सांगितलंस तर ती कबुली. एवढीच मुदत माझ्या हातात होती, ती तुला दिली.

तुझी
ताई


कोल्हार, शनिवार, ७ डिसेंबर, दुपार

ताई,

कार्ड खोटं होतं. तू ओळखलंसच.

हे कोल्हारहून लिहितोय. मोटारतळाशेजारी दगडाबाईचं चहाचं दुकान आहे, तिथल्या बाकावर बसलोय. कागद तिच्याच पोराच्या वहीतला. "लिव्ह बाबा," म्हणाली, "पन आईला लिवत आसशील तर जेवलो म्हनून लिव्ह, आन् मग खोटं नको म्हनून जेवून घे." भाकरी खाल्ली. पुढची मनमाडची मोटार अडीचला आहे.

आता न चुकवता सांगतो. गुरुवारी पोस्टमन आला तेव्हा काका आत कानशीवर होते. दोन्ही पाकिटं त्यानं माझ्याच हातात दिली, माझं आणि काकांचं. काकांचं मी सदऱ्यात घातलं. दिलं नाही. फोडलंही नाही. अजून छातीशीच आहे. काका आतून म्हणाले, "काही आलंय का रे?" मी म्हणालो, "नाही."

ताई, आजवर मी पळून गेलो असेन, थापा मारल्या असतील, पण दुसऱ्याचं पत्र कधी दाबलं नव्हतं. त्या "नाही"नंतर मला त्या घरात बसवेना. काल दिवसभर काका सामन्यासाठी तुझा सदरा धुऊन ठेव म्हणत होते, तूही मैदानावर येणार आहेस म्हणाले. आज सकाळी ते आंघोळीला गेले आणि मी भरलेल्या काडतुसांचा डबा उचलून निघालो.

डबा का नेला ते ऐक. मला वाटलं, सांगायची हिंमत आपल्यात नाही, पण काडतुसंच नसली तर हातही जाणार नाही. चोर म्हणोत. इथं उतरलो आणि सरळ प्रवरेवर गेलो. घाटाच्या खालच्या अंगाला डोह आहे, त्यात डबा टाकला. बुडबुडे आले, ते थांबेपर्यंत उभा राहिलो. परत येताना इतकं हलकं वाटलं की मळ्यातल्या मोटेवरच्या गड्याशी बैलांबद्दल अर्धा तास बोललो. त्याचा एक बैल डाव्या डोळ्यानं आंधळा आहे, पण मोट ओढताना...

ते राहू दे.

तर असं ठरवलं होतं की हे पत्र टाकायचं आणि मनमाड गाठायचं. पुढं नाशिक, नाहीतर मुंबई. तुला हे सोमवारी मिळेल. तोवर सामना होऊन गेला असेल, आप्पासाहेब काडतुसांविना घरी बसले असतील, शिव्या देत असतील, पण दोन्ही हातांनी. काकांना माझा हिशेब चोर म्हणून लागेल, त्यांचा स्वतःच्या बोटांवरचा संशय तेवढा फिटेल की नाही, ते माहीत नाही. तू त्यांना पुन्हा एकदा लिहिशील का, की हात तुमचा गेलेला नव्हता? एवढंच

मध्येच थांबलो होतो. आता घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

नगरची मोटार आली. मी मान खाली घालून लिहीत होतो. समोर कुणाचे तरी बूट येऊन थांबले, पॉलिश केलेले. वर बघितलं. आप्पासाहेब.

"काय रं गोरख्या, सासरी निगालास व्हय?"

ते बाकावर बसले, डोक्यावरचा फेटा काढून गुडघ्यावर ठेवला. म्हणाले, "सकाळच्या मोटारीच्या डायव्हरनं सांगितलं, पोरगं कोल्हारला उतरलं म्हनून. तिकडं रंगनाथानं अन्नपानी सोडलंय. म्हनतो, मीच कायतरी बोललो आसंन त्याला. काय बोलला रं तुला?"

"काही नाही. काका कधी बोलत नाहीत."

"मग? भ्यालास व्हय सायेबलोकांपुढं हुबं ऱ्हायला? आरं, नेम मला धरायचाय. तू नुसतं काडतूस हातात द्यायचं. भरनाऱ्यानंच द्यावं, तसं माज्या मनानं घेतलंय. दुसऱ्या कुनाच्या हातनं न्हाई घ्यायचा मी."

मी म्हणालो, "आप्पासाहेब, काडतुसं नाहीत. डबा मी नदीत टाकला."

ते मांडीवर थाप मारून इतके हसले की दगडाबाई चुलीपासून उठून आली. "येड्या, त्या डब्यात उरलीसुरली हुती! माजी तीस मी बुधवारीच निवडून घरी नेली. ही बग." आणि कंबरेच्या चामडी पिशवीवर टपटप केलं. आत पितळ वाजलं.

ताई, बुधवारी. म्हणजे तुझी पाकिटं यायच्याही आदल्या दिवशी. मी उगाच डोहावर उभा राहून बुडबुडे मोजत होतो.

माझा चेहरा बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे. म्हणाले, "डब्याचं रंगनाथाला मी सांगतो, तू नगं भिऊ. कुनाला लिवतुयास? भनीला? मग पुरं कर की. माजा चहा व्हईस्तवर लिव्ह. परतीची मोटार पाऊन तासानं हाय."

म्हणून लिहितोय. ते समोर बसलेत. पिशवी कंबरेला आहे. माझ्यासाठीही चहा सांगितलाय, तो माझ्याशेजारी निवतोय. मनमाडची मोटार मघाशीच आली, कंडक्टरनं दोनदा गावाचं नाव पुकारलं. आप्पासाहेबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, मी उठणार नाही असं धरूनच चाललेत. मोटार गेली.

तुझं पाकीट सदऱ्यात आहे. ते काढून त्यांच्यापुढं धरलं की झालं, वाचतील ते, मला काही बोलावं लागणार नाही. पण ते तुझ्या अक्षरातलं आहे. टोप्यांवर तेल तू शिंपडलं नव्हतंस. ते काकांचं आहे, काकांनाच देईन.

बशी त्यांनी उजव्या हातानं धरलीय, खालून पाच बोटं पसरून. इतक्या दुरून येऊन, मोटारीत हाडं खिळखिळी होऊनसुद्धा तो हात एवढा स्थिर आहे की चहावर साय जमली तरी हलत नाही. त्यांनी आत्ता सायीवर फुंकर घातली. दोन घोट उरले असतील.

पहिलं वाक्य मी मनात तीनदा म्हणून बघितलं. "आप्पासाहेब, ती पिशवी आधी माझ्याकडं द्या." त्याच्या पुढचं आपोआप येईल.

त्यांनी बशी खाली ठेवली.